रोज शंभर शेंगा: लकव्यानंतरच्या बारा आठवड्यांचा प्रकरण अभ्यास

सकाळी ६ वाजून ४० मिनिटांनी काकांच्या उजव्या हातातली चहाची बशी सुटली. काकूंनी विचारलं, "काय झालं?" उत्तर आलं, पण शब्द जिभेवरच चिकटल्यासारखे. तोंडाचा उजवा कोपरा खाली आला होता. उठायला गेले तर उजवा पाय दुमडला. शेजारणीनं बघताक्षणी सांगितलं, "अंगावरून वारं गेलंय."

वय ५७, चार एकर कोरडवाहू, सोयाबीन आणि तूर. गाव केज तालुक्यातलं, जिल्हा बीड. दोन्ही मुलगे आपापल्या बायकांसह दसऱ्यानंतर ऊसतोडीला गेलेले. घरी काकू, बारा वर्षांची नात आणि पलीकडच्या घरात पुतण्या. कोणा एकाची ओळख पटू नये म्हणून अशा अनेक घरांतले तपशील इथे एकत्र गुंफले आहेत. मोजमापंही अशा रुग्णांत जशी येतात तशीच घेतली आहेत. नोव्हेंबरचा दुसरा आठवडा, एक चहाची बशी आणि नंतर वाया गेलेले सात तास: मराठवाड्यातल्या कितीतरी घरांचा क्रम हाच असतो.

आधी काय काय घडून गेलं होतं

बीपी सहा वर्षांपूर्वीच सापडलं होतं. गोळी चालू झाली, पण ती "डोकं दुखलं की" घ्यायची गोळी झाली. बीपीनं डोकं बहुतेक वेळा दुखतच नाही, म्हणून गोळीची वेळही येत नाही. पाच महिन्यांपासून ती पूर्ण बंद होती. तंबाखू-चुना दिवसातून आठ-दहा वेळा. जेवणात रोज लोणचं, ठेचा आणि वरून मीठ.

झटक्याच्या पंधरा दिवस आधी सोयाबीनची पोती मोजताना जीभ जड झाली आणि उजवा हात बधिर झाला. दहा मिनिटांत सगळं पूर्ववत झालं. "ऊन लागलं असेल" म्हणून विषय संपला. हा क्षणिक झटका होता. रक्तवाहिनी काही मिनिटं अडली आणि पुन्हा मोकळी झाली. अशा झटक्यानंतर मोठा झटका येण्याची भीती पहिल्या ४८ तासांत सर्वांत जास्त असते आणि पुढचे काही आठवडे ती राहते. बरं वाटलं म्हणून घरी थांबायची ही वेळ नव्हे. त्या दिवशी दवाखाना गाठला असता तर पुढचं बहुतेक टळलं असतं, असं आमचं ठाम मत आहे.

सात तास कुठे गेले

७ वाजता पुतण्यानं गाडी काढली, पण ती दवाखान्याकडे वळली नाही. शेजारच्या गावात लकव्याचं औषध मिळतं, तिकडे गेली. तिथे रांग होती. कानात थेंब टाकले, अंगाला काहीतरी चोळलं आणि पथ्य सांगितलं. त्यात १० वाजले. मग बाजारपेठेच्या गावातला एक दवाखाना झाला. बीपी २१०/१२० भरलं, सलाईन लागलं, "संध्याकाळपर्यंत बघू" असं सांगितलं. मोठ्या मुलाचा कारखान्यावरून फोन आला आणि तो फोनवरच रडत भांडला, तेव्हा गाडी अंबाजोगाईकडे निघाली. रुग्णालयाच्या दारात पोहोचले तेव्हा दुपारचे १ वाजून २० मिनिटं झाली होती आणि सीटी स्कॅन झाला १ वाजून ५० मिनिटांनी. बशी सुटल्यापासून ७ तास १० मिनिटं.

गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सर्वसाधारणपणे लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. १९९५ मध्ये ही मर्यादा तीन तासांची ठरली आणि २००८ मध्ये अभ्यासांती साडेचार तासांपर्यंत वाढली. मोठ्या रक्तवाहिनीतली गुठळी तारेनं ओढून काढायची सोय सहा तासांपर्यंत असते. निवडक रुग्णांत ती २४ तासांपर्यंतही वापरता येते, पण त्यासाठी गुठळी मोठ्या वाहिनीत असावी लागते आणि तसं केंद्र गाठावं लागतं. इथे वाहिनी बारीक होती, म्हणून तोही मार्ग नव्हता. मोठी वाहिनी बंद पडली तर दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात. म्हणून रांगेतली दहा मिनिटंसुद्धा दहाच मिनिटं नसतात.

घरच्यांनी करायचं ते मोजकंच आहे. तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं अडखळतं, यातलं एक जरी अचानक दिसलं तरी घड्याळ बघायचं आणि माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला ती वेळ कागदावर लिहायची. १०८ ला फोन करून "लकवा, अमुक वाजता सुरू झाला" असं स्पष्ट सांगायचं आणि सीटी स्कॅन असलेल्या रुग्णालयातच न्यायला सांगायचं. कुशीवर झोपवायचं. तोंडात पाणी, चहा, गोळी काहीच घालायचं नाही. घरात ॲस्पिरिन असली तरी स्कॅनशिवाय द्यायची नाही, कारण आत रक्तस्राव असेल तर तीच जिवावर बेतते. बीपी खूप दिसलं म्हणून जिभेखाली गोळी ठेवून ते झटक्यात पाडू नये. अडलेल्या वाहिनीपलीकडच्या भागाला उरलंसुरलं रक्त त्या दाबावरच मिळत असतं. काकूंनी सकाळी चमच्यानं चहा पाजला होता आणि त्यांना जोराचा ठसका लागला होता. तो चहा फुप्फुसात गेला असता तर न्यूमोनियाच पुढे उभा राहिला असता.

मेंदूत काय झालं

स्कॅनमध्ये रक्तस्राव नव्हता. म्हणजे गुठळीचा झटका. बहुतांश झटके याच जातीचे असतात. डाव्या मेंदूत खोलवर, हालचालीच्या तंतूंचा जुडगा जिथून खाली उतरतो तिथली एक बारीक वाहिनी बंद पडली होती. वर्षानुवर्षं चढ्या दाबानं अशा वाहिन्यांच्या भिंती जाड आणि ताठर होतात, आतली वाट अरुंद होते आणि एक दिवस बंद पडते.

इतक्या छोट्या जागेनं अर्धं अंग कसं जातं, हा प्रश्न घरचे हमखास विचारतात. ठिबकच्या शेतातलं उदाहरण त्यांना लगेच पटतं. शेवटची एखादी लॅटरल (उपनळी) चोंदली तर एक ओळ सुकते, पण मोटारीजवळची मुख्य नळी बोटभर जागेत दबली तरी सगळं शेत कोरडं पडतं. इथे रक्तवाहिनी बारीक असली तरी दबली होती ती तंतूंची मुख्य नळीच. चांगली गोष्ट अशी की वरचा मेंदूचा बराच भाग शाबूत होता. तो शाबूत भाग नवे मार्ग काढू शकतो, पण त्याला काम मिळालं तरच. मेंदूला काम म्हणजे हालचालीचा प्रयत्न. तो प्रयत्न रुग्णानंच करायचा असतो. दुसऱ्यानं हात हलवून दिला तर सांधा मोकळा राहतो, मेंदू शिकत नाही.

पहिले सात दिवस

पहिल्या दिवशी गिळण्याची तपासणी झाली. बसवून एक चमचा पाणी दिलं, ठसका आला, आवाज ओला झाला, म्हणून तोंडानं काहीच दिलं नाही. तिसऱ्या दिवशी तपासणी पार पडली, तरी पाणी मागेच ठेवलं. पातळ पदार्थ घशात सर्वांत वेगानं धावतो आणि अशा घशाला तोच सांभाळणं सर्वांत अवघड जातं. आधी घट्ट पिठलं, ताकात कुस्करलेल्या भाकरीचा दाट काला, छोटा घास, हनुवटी थोडी छातीकडे, आणि जेवणानंतर अर्धा तास बसून राहणं.

पहिल्या चोवीस तासांत खाटेवरून उठवून भरपूर चालवावं का? २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत पाच देशांतल्या ५६ रुग्णालयांतल्या २१०४ रुग्णांवर हेच तपासलं गेलं. चोवीस तासांच्या आत सुरू केलेला जास्तीचा व्यायाम तीन महिन्यांनी फायद्याचा ठरला नाही; उलट नेहमीची काळजी मिळालेल्यांची स्थिती बरी निघाली. म्हणून पहिल्या दिवशी फक्त कुशी बदलणं आणि लुळा हात उशीवर आधारानं ठेवणं. दुसऱ्या दिवशी काठावर बसवणं, दर वेळी पाच ते दहा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. तिसऱ्या दिवशी दोघांच्या आधारानं उभं करणं. घाईही नको आणि पंधरा दिवस पडून राहणंही नको.

सातव्या दिवशी सुट्टी मिळाली. कागदावर औषधांच्या सहा ओळी होत्या आणि शेवटी एक ओळ, "फिजिओथेरपी करावी." कोणती, किती, कधी, कोणी, यातलं काहीच नव्हतं. या एका ओळीनं पुढचे पाच आठवडे खाल्ले.

घरी झालेली सेवा

सेवेत कुठेही कसूर नव्हती, हे आधी सांगायला हवं. काकू सकाळ-संध्याकाळ गरम करडईच्या तेलानं अर्धा-अर्धा तास चोळत. पुतण्या रोज येऊन लुळा हात मनगटाला धरून डोक्यावर पन्नास वेळा ओढत असे. कोणी सांगितलं म्हणून आढ्याला दोरी आणि कप्पी बांधली. चांगल्या हातानं ओढायचं म्हणजे लुळा हात वर जातो. बाजारातून रबरी चेंडू आणला आणि तो दिवसभर दाबायला लावला. कबुतराचं रक्त चोळायचा सल्लाही एका नातेवाइकानं दिला होता. काकूंनी तो मानला नाही.

झटक्यानंतर सहाव्या आठवड्यात आम्ही तपासलं तेव्हा या सेवेचा हिशेब अंगावर दिसत होता. खांद्याचा गोळा खोबणीतून बोटभर खाली उतरलेला आणि हात खांद्याच्या रेषेपर्यंत नेला तरी कळ. लुळ्या खांद्याला स्नायूंचा आधार नसतो. हात वर जाताना खांद्याचा फरा सोबत फिरायला हवा, तो फिरत नाही. अशा वेळी मनगट धरून ओढलं किंवा डोक्यावरची कप्पी लावली की आतली मऊ ऊती हाडांमध्ये चिमटते. अर्धांगाच्या खांद्याला अशी कप्पी लावूच नये. चेंडूनं मूठ घट्ट झाली होती, पण उघडत नव्हती. लकव्यानंतर मुठीची ताकद बऱ्याचदा आधी आणि ताठरपणासकट येते. मागे राहतं ते उघडणं. भाकरी हातात घ्यायची तर आधी मूठ उघडायला लागते. बधिर दंडावर गरम विटेच्या शेकानं आलेला फोड भरत आलेला होता. त्वचेला चटका कळत नव्हता म्हणून वेळीच कोणी थांबवलं नाही.

त्या दिवशीचे आकडे असे. दहा मीटर चालायला ३१ सेकंद, म्हणजे सेकंदाला सुमारे ०.३२ मीटर. वेग ०.४ च्या खाली असला की माणूस घरापुरताच चालतो, ०.८ च्या पुढे गेला की गावात मोकळा फिरतो, असा ढोबळ ठोकताळा आहे. हाताचा आधार घेऊन खुर्चीतून पाच वेळा उठबस करायला २९ सेकंद. पाऊल पुढे टाकताना चवडा लोंबकळतो, म्हणून पाय बाजूनं घुमवून टाकायचे. मनगट मागे वळत होतं सुमारे २० अंश, बोटं जेमतेम १० अंश. बीपी १६४/९८. गोळ्या चालू होत्या, पण "एकादशीला चालत नाही" म्हणून सुटत होत्या.

"हात तर माझाच हाय, पर माझं ऐकंना," ते म्हणाले. बोलणं जड पण कळण्यासारखं. त्यांना काय हवं ते विचारलं तर दोनच गोष्टी निघाल्या. अंगणापलीकडच्या संडासला एकट्यानं जायचं आणि विहिरीवर जाऊन मोटारीचं बटण दाबायचं.

बोटांचे ते १० अंश आम्हाला सर्वांत मोलाचे वाटले. एवढी हालचाल शिल्लक असली की त्या हाताला काम देता येतं.

बारा आठवड्यांची बांधणी

इथून पुढचे आठवडे व्यायाम सुरू झाल्यापासून मोजलेले आहेत. सगळ्यात आधी तीन गोष्टी काढून टाकल्या: कप्पी, चेंडू आणि सुंभाची बाज. ढिल्या बाजेत कंबर खोल जाते आणि उठताना चांगल्या हातानं हिसका द्यावा लागतो. त्या जागी फळ्यांचा दिवाण आला. तेलाची मालीश बंद केली नाही. ती पाच मिनिटांवर आणली आणि रात्री झोपताना ठेवली. काकूंचा जीव त्यात होता, आणि त्वचेला अपायही नव्हता.

मग व्यायामाचे दिवसाला तीन भाग ठरले, प्रत्येक साधारण २५ मिनिटांचा. सकाळी पाय, दुपारी हात, संध्याकाळी चालणं. घरात दुसरा कर्ता माणूस नसल्यानं नातीकडे वही दिली. आकडे तीच लिहायची.

पायाचं मूळ काम म्हणजे उठबस. प्लास्टिकच्या खुर्चीवर घडी घातलेली वाकळ टाकून बैठक ५० सेंटिमीटर उंच केली. पाऊल गुडघ्याच्या किंचित मागे आणि उजवं पाऊल डाव्याच्या चार बोटं मागे. मागचं पाऊल जास्त भार घेतं, म्हणून लुळा पाय मागे. दोन्ही हात समोर गुंफून, नाक अंगठ्याच्या पुढे जाईपर्यंत वाकायचं, मग उठायचं. बसताना तीन मोजत सावकाश बसायचं, धपकन नाही, कारण खरी ताकद बसतानाच येते. पहिल्या आठवड्यात ५ चे ३ फेरे. चार आठवड्यांत १० चे ४ फेरे, आणि वाकळीची एकेक घडी कमी करत बैठक ४० सेंटिमीटरवर. त्यानंतर आडव्या ठेवलेल्या विटेवर पाय चढवणं-उतरवणं, भिंतीला हात लावून बाजूला चालणं, भिंतीशी उभं राहून टाचा उचलणं.

आकडे मोठ्यानं मोजायचे हा नियम होता. जोर लावताना श्वास रोखला की बीपी झटकन चढतं. तोंडानं "एक, दोन, तीन" चालू असेल तर श्वास रोखताच येत नाही, आणि जड झालेल्या जिभेलाही तेवढंच काम मिळतं.

हाताचं काम शेंगांवर बेतलं. परातीत भुईमुगाच्या १०० शेंगा, बाजूला रिकामी पाटी. उजव्या हातानं एक शेंग उचलायची, मूठ उघडायची, पाटीत टाकायची. शंभर टाकल्या की मोजणी आपोआप झालेली असते. पहिल्या दिवशी पाच मिनिटांत १२ शेंगा पडल्या, निम्म्या पाटीबाहेर. शेंगा यायला लागल्यावर स्टीलचा पेला, मग तांब्या अर्धा भरून, मग तुरीचे दाणे. शेवटी जुन्या फळीवर बसवलेलं मोटारीच्या स्टार्टरचं बटण. खांद्यासाठी टेबलावर टॉवेल पसरून दोन्ही हातांनी तो पुढे ढकलायचा. हात टेबलावरच, खांद्याच्या वर नाही. उभं राहताना हात खिशात किंवा पंचाच्या झोळीत, झोपताना दंडाखाली उशी.

इतकी मोजदाद कशासाठी, तर आकड्यांतच गोम आहे. २००९ मधल्या एका निरीक्षणात उपचाराच्या एका सत्रात रुग्णाच्या हाताकडून कामाच्या हालचाली सरासरी ३२ च्या आसपास झालेल्या आढळल्या. प्राण्यांवरच्या अभ्यासांत मेंदूत बदल दिसले ते दिवसाला शेकड्यांनी हालचाली झाल्यावर. आम्ही १०० पासून सुरू करून तिसऱ्या आठवड्यापर्यंत ३०० वर नेलं.

तिसऱ्या आठवड्यातच दुसरी गोष्ट जोडली. चांगला हात जुन्या टॉवेलच्या पिशवीत बांधून ठेवायचा, दुपारी तीन तास. लुळ्या हाताला काम करताच येत नाही असं काही नसतं. चांगला हात आधी धावतो आणि लुळा हात न वापरण्याची सवय लागते. ती मोडायची तर चांगल्याला बसवून ठेवावं लागतं. या पद्धतीची अमेरिकेतली २२२ रुग्णांवरची मोठी चाचणी २००६ साली प्रसिद्ध झाली. झटक्याला तीन ते नऊ महिने होऊन गेलेले ते रुग्ण जागेपणाचा ९० टक्के वेळ हात बांधून ठेवायचे, दोन आठवडे, आणि फायदा वर्षभर टिकला. शेतकऱ्याच्या घरात इतकं जमत नाही, म्हणून तीन तास. चालताना, संडासला जाताना आणि गरम चहा समोर असताना पिशवी काढायचीच, कारण पडताना सावरायला तोच हात लागतो.

चालण्यासाठी अंगणात दहा मीटरवर चुन्याच्या दोन रेघा मारल्या. चवडा उचलून धरणारा प्लास्टिकचा स्प्लिंट बुटात बसवला. आधी दहा मीटरच्या चार खेपा, मग दम न लागता १० मिनिटं सलग, मग २० आणि ३०. जोर किती, याची खूण सोपी: चालताना बोलता यावं, पण अभंग म्हणता येऊ नये. धावत्या पट्ट्याचं यंत्र गावात नाही याची खंत घरच्यांना होती. ती अनाठायी होती. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या ४०८ रुग्णांच्या चाचणीत पट्ट्यावरचं प्रशिक्षण आणि घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्टनं करून घेतलेले ताकदीचे व तोलाचे व्यायाम यांचा वर्षाअखेरचा फायदा सारखाच निघाला.

एक सावधगिरी मात्र आहे. भारतातल्या १४ रुग्णालयांत १२५० रुग्णांवर एक चाचणी झाली, २०१७ साली ती प्रसिद्ध झाली. त्यात कुटुंबीयांना व्यायाम शिकवून घरी पाठवलं होतं. सहा महिन्यांनी मृत्यू आणि परावलंबन यांत काहीच फरक दिसला नाही. आम्ही त्यातून घेतलेला बोध असा, की घरच्यांना एकदा शिकवून मोकळं होणं पुरेसं नाही. म्हणून दर आठवड्याला एकदा वही तपासायची, दहा मीटरचा वेळ घ्यायचा आणि आकडा वाढवायचा किंवा कमी करायचा, असं ठरलं. आठवडे गेले आणि व्यायाम तोच राहिला, तर त्याला प्रगतीचा व्यायाम म्हणत नाहीत.

पाचव्या आठवड्यातला खोळंबा

व्यायामाआधी बसून बीपी घ्यायचं आणि १८०/११० च्या वर असेल तर त्या दिवशी व्यायाम नाही, हे ठरलेलं होतं. पाचव्या आठवड्यात यंत्रानं १८४/११२ दाखवलं. पाच मिनिटांनी पुन्हा तेवढंच. वहीत मागे बघितलं तर शेंगांचे आकडे होते, गोळीच्या रकान्यात तीन दिवस रिकामे. एकादशी, मग पाहुण्यांकडे मुक्काम, मग गोळ्या संपल्या. तीन दिवस व्यायाम बंद, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवलं, आरोग्य केंद्रातून महिनाभराच्या गोळ्या आणल्या. गोळी पाण्याच्या घोटाबरोबर जाते, तिनं उपास मोडत नाही, हे काकूंना त्यांच्याच भजनी मंडळातल्या एका बाईनं पटवलं. आमच्यानं इतकं नीट पटवता आलं नसतं.

व्यायाम मध्येच थांबवायच्या खुणाही वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत आहेत: छातीत दुखणं, चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, बोलणं पुन्हा जड होणं. शेवटची खूण दिसली तर व्यायामाचा विषय संपतो आणि १०८ चा सुरू होतो.

सातव्या आठवड्यात काका गप्प झाले. शेंगा टाकायचे, पण वर बघायचे नाहीत, रात्री झोप नाही. हे हट्टीपणाचं लक्षण नव्हे. लकव्यानंतर साधारण तिघांपैकी एकाला नैराश्य गाठतं आणि ते गाठलं की व्यायामही आटतो. औषध सुरू झालं. शिवाय संध्याकाळचं चालणं अंगणातून पारापर्यंत नेलं. तिथे चार माणसं बसतात. औषधाचा गुण किती आणि पाराचा किती हे वेगळं काढता येत नाही, पण नवव्या आठवड्यात चालण्याची मिनिटं २० वरून ३० झाली होती.

मार्चअखेर

दहा मीटर १४ सेकंदांत, म्हणजे वेग ०.७१. पाच उठबस, हात न लावता, १६ सेकंदांत. शंभर शेंगा नऊ मिनिटांत. खांद्याची कळ फक्त कुशीवर झोपताना. बीपी १३२/८२. लक्ष्य १३०/८० च्या खाली आहे, म्हणून डॉक्टरांनी औषध थोडं वाढवलं. संडासला एकटे जातात, पण बैठकीला भोक पाडलेली खुर्ची ठेवावी लागली, कारण उकिडवं बसणं अजून जमत नाही. विहीर घरापासून ६०० मीटर. बटण दाबलं, पाणी आलं, त्या दिवशी वहीत नातीनं आकड्याऐवजी "मोटार चालू" एवढंच लिहिलं आहे.

न आलेलंही लिहायला हवं. सदऱ्याची गुंडी लागत नाही. भाकरी दोन्ही हातांनी मोडतात, पण उजव्याचा फक्त आधार. शेताचा बांध चढताना अजून हात धरावा लागतो. सुधारणेचा मोठा वेग पहिल्या तीन महिन्यांतला असतो. पाच आठवडे त्यातले गेले आणि ते परत मिळणार नाहीत. नंतरही सुधारणा होते, पण सावकाश आणि जास्त मेहनतीनं.

पुढचा झटका टाळायचा तर

"मी जन्मभर शेतात राबलो, मला लकवा कसा?" हा त्यांचा प्रश्न खरा आहे. कष्टाचं काम पेरणी, खुरपणी आणि सुगीत असतं. मळणी यंत्रावर आणि पाळी ट्रॅक्टरनं व्हायला लागल्यापासून वर्षातले कितीतरी महिने पाय मोटारसायकलवरच असतात. शिवाय कष्टानं बंद गोळीची भरपाई होत नाही. अनेक देशांत झालेल्या मोठ्या अभ्यासात झटक्याच्या एकूण धोक्यापैकी सुमारे ९० टक्के धोका दहा सुधारता येण्याजोग्या कारणांशी जोडलेला आढळला, आणि त्यात बीपी सर्वांत वर. हालचाल नसणं हेही त्याच यादीत आहे. नियमित चालण्यानं वरचं बीपी साधारण ५ ते ८ अंकांनी उतरतं. १६४ असेल तर ते पुरत नाही, म्हणून चालणं गोळीच्या जोडीला. गोळीच्या जागी नाही.

त्यांच्यासाठी ठरलेलं प्रमाण असं: आठवड्यातले पाच दिवस ३० मिनिटं चालणं, दोन दिवस उठबस आणि विटेवर चढ-उतार १० ते १५ चे दोन फेरे. तंबाखू बंद. दिवसाचं सगळं मिळून मीठ एक चमच्याच्या आत, म्हणजे ५ ग्रॅमपेक्षा कमी. लोणचं सणासुदीला. एप्रिलपासून चालण्याची वेळ पहाटे सहाच्या आत, कारण नऊनंतरच्या उन्हात अंगातलं पाणी आटतं, रक्त दाट होतं, आणि बीपीच्या काही गोळ्यांनी लघवीवाटेही पाणी जातं. चालायला निघण्याआधी पाव लिटर पाणी.

मार्चमध्ये दोन्ही मुलगे कारखान्यावरून परतले. नातीनं वही दाखवली, मग यंत्राचा पट्टा स्वतःच वडिलांच्या दंडाला गुंडाळला. मोठा मुलगा ३४ वर्षांचा. पहिल्यांदा १५२/९६, पाच मिनिटांनी १४८/९६, दोन दिवसांनी पुन्हा १५०/९४. त्यानं यापूर्वी कधी बीपी मोजलेलं नव्हतं. वहीत त्याच्यासाठी नवीन पान उघडलं आहे, आणि यंदा दसऱ्यानंतर कारखान्यावर जाताना गोळ्या कुठून घ्यायच्या, कोपीत (तिथल्या झोपडीत) यंत्र कोण ठेवणार, हे उचल (आगाऊ रक्कम) घेण्याआधी ठरवायचं आहे.